जादूपटांची जादू नेमकी कुठे हरवते?

प्रतिनिधी, भिसेगाव (कर्जत)

कर्जत रेल्वे स्थानकालगतच्या भिसेगावातून चौकच्या दिशेने निघाले, की काही किलोमीटरवर एन. डी. स्टुडिओ लागतो. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या स्टुडिओत 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता. पडद्यावर तो पाहताना हा किल्ला रायगड जिल्ह्यात आहे, अशी शंकाही बहुतेक प्रेक्षकांना आली नाही. लाकूड, प्लास्टर आणि रंग यांतून राजवाडा साकारण्याची विद्या आपल्या कारागिरांना चांगलीच अवगत आहे. जे सुताराला आणि रंगाऱ्याला जमत नाही, ते आता संगणक करून देतो. आकाशातून उडणारा योगी, पंख्याच्या चित्रातून बाहेर येणारे मांजर, एका मंत्रासरशी दुभंगणारा डोंगर, यांतले काहीच आज अशक्य राहिलेले नाही.

असे असूनही जादूटोणा, मंत्रतंत्र आणि अद्‌भुत शक्तींवर आधारलेले खर्चिक चित्रपट वारंवार निराशा पदरी टाकतात. प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो, तो 'दृश्ये छान होती, पण मजा आली नाही' असे म्हणत. हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अलीकडच्या काळात कोरियन चित्रपटांचा चाहतावर्ग महाराष्ट्रातील शहरांतही वाढला आहे. त्या कोरियातही एका नामवंत दिग्दर्शकाचा महत्त्वाकांक्षी जादूपट असाच कोसळला. त्याच दिग्दर्शकाने तेरा वर्षे आधी काढलेला जादूपट मात्र चांगला चालला होता. दिग्दर्शक तोच आणि विषयही तोच असताना निकाल इतका वेगळा का लागला, याचा विचार केल्यास अद्‌भुतरम्य चित्रपटाचे गणित बरेचसे उलगडते. ते मराठी प्रेक्षकाला अनोळखी वाटणार नाही. कारण याच प्रश्नाशी आपला चित्रपट अगदी पहिल्या दिवसापासून झगडत आला आहे.

दिग्दर्शक एक, मांत्रिकपट दोन

चोई दोंग-हून हे दक्षिण कोरियातील अत्यंत यशस्वी दिग्दर्शकांपैकी एक. त्यांचे 'द थीव्ज' (२०१२) आणि 'असॅसिनेशन' (२०१५) हे दोन्ही चित्रपट प्रत्येकी सव्वा कोटीहून अधिक प्रेक्षकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिले. ज्या देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या घरात आहे, तेथे हा आकडा किती मोठा, हे वेगळे सांगायला नको. कोरियात चित्रपटाचे यश प्रामुख्याने विकल्या गेलेल्या तिकिटांच्या संख्येवर मोजले जाते. त्यामुळे तिकिटाचे दर वाढले म्हणून यश फुगलेले दिसत नाही.

याच दिग्दर्शकाचा 'जॉन वू-छी' हा चित्रपट २३ डिसेंबर २००९ रोजी झळकला. जॉन वू-छी हा कोरियाच्या जुन्या लोककथेचा नायक. तेथील भाषेत अशा पुरुषाला 'दोसा' म्हणतात. म्हणजे ताओ पंथाच्या साधनेतून सिद्धी मिळवलेला मांत्रिक. जुन्या कथेत तो स्वर्गातला दूत असल्याची बतावणी करून राजाला फसवतो आणि मिळवलेले सोने गोरगरिबांसाठी वापरतो. चित्रपटातला वू-छी (अभिनेता कांग दोंग-वॉन) तरुण, देखणा, बढाईखोर आणि साधनेच्या बाबतीत आळशी आहे. गुरूच्या खुनाचा आळ येऊन त्याला एका चित्रात कोंडले जाते. पाचशे वर्षांनी सोल शहरात पिशाच्चांचा उपद्रव सुरू होतो, तेव्हा त्यांना पकडण्यासाठी त्याची सुटका करणे भाग पडते. चित्रपट सव्वादोन तासांचा. त्याच्या सैल रचनेवर समीक्षकांनी त्या वेळीही टीका केली होती. समोर 'अवतार'सारखा हॉलिवूडचा बलाढ्य प्रतिस्पर्धी होता. तरीही साठ लाखांवर प्रेक्षकांनी 'जॉन वू-छी' पाहिला.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २० जुलै २०२२ रोजी, चोई यांचा 'एलियनॉइड' प्रदर्शित झाला. दोन भागांची ही कथा एकाच दमात, सुमारे तेरा महिने चित्रीकरण करून पूर्ण करण्यात आली होती. किम ते-री, र्यू जुन-यॉल, किम वू-बिन असे आघाडीचे कलावंत त्यात होते. पहिल्या भागाचा खर्च सुमारे ३,३०० कोटी वोन, म्हणजे तेव्हाच्या दराने २०० कोटी रुपयांच्या आसपास होता. गुंतवणूक वसूल होण्यासाठी सत्तर लाखांवर प्रेक्षक लागतील, असा अंदाज कोरियातील माध्यमांनी मांडला होता. प्रत्यक्षात आले जेमतेम पंधरा लाख. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागालाही तेवढेसुद्धा प्रेक्षक लाभले नाहीत.

दोष प्रेक्षकांचा नव्हता

अपयशाचे सोपे स्पष्टीकरण लगेच हाताशी येते. करोनाच्या साथीमुळे लोकांची चित्रपटगृहात जाण्याची सवय मोडली, तिकिटे महागली, घरबसल्या चित्रपट पाहण्याची सोय झाली. या कारणांत तथ्य नाही असे नव्हे. पण त्याच वर्षी मे महिन्यात आलेला 'द राउंडअप' हा पोलिसपट सव्वा कोटीहून अधिक लोकांनी पाहिला होता. 'एलियनॉइड'नंतर अवघ्या आठवड्याने आलेल्या 'हानसान' या ऐतिहासिक युद्धपटाला सत्तर लाखांवर प्रेक्षक मिळाले. तेव्हा प्रेक्षक होता आणि तो तिकीटही काढत होता. त्याने हा एक चित्रपट नाकारला.

तो का नाकारला, हे कथानक सांगू लागले की ध्यानात येते. परग्रहावरील लोक आपल्या कैद्यांना पृथ्वीवरील माणसांच्या मेंदूत कोंडून ठेवतात आणि त्या माणसांना याचा पत्ताही नसतो. या कैद्यांवर एक पहारेकरी आणि त्याचा यंत्रमानव लक्ष ठेवतात. ते काळाच्या पलीकडे ये-जा करू शकतात. दुसरीकडे, सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोरियात एका दिव्य तलवारीच्या शोधात अनेक मांत्रिक फिरत आहेत. नायिका लहानपणी आजच्या काळात वाढते आणि तरुणपणी त्या जुन्या काळात पिस्तूल घेऊन हिंडते. पडद्यावर हे दोन्ही काळ आलटून पालटून येत राहतात. यातली प्रत्येक कल्पना स्वतंत्रपणे चांगली आहे. माणसाच्या मेंदूत त्याच्या नकळत कैदी ठेवणे, या एका कल्पनेवर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. मात्र एक कल्पना पचनी पडण्याआधीच दुसरी येऊन आदळते. शिवाय दोन तास बावीस मिनिटे खर्च करूनही प्रेक्षकाच्या हाती अर्धीच गोष्ट लागते. उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी दीड वर्ष थांबायचे होते.

याच चित्रपटात एक जोडी मात्र बहुतेकांना आवडली. यॉम जंग-आ आणि जो वू-जिन यांनी रंगवलेले हे दोन मांत्रिक स्वतः तयार केलेल्या जादूच्या वस्तू विकत फिरतात. त्यांच्याकडे एक आरसा आहे. त्याच्यातून हात घातला, की तो पलीकडे राक्षसी आकाराचा होऊन बाहेर येतो. या जादूला कसलेही स्पष्टीकरण लागत नाही. आरसा दिसला, की आता काय होणार याची प्रेक्षकाला कल्पना येते आणि तो ते घडण्याची वाट पाहू लागतो. सगळ्या चित्रपटात जे व्हायला हवे होते, ते या एका आरशाच्या बाबतीत झाले.

नियम आणि किंमत

अद्‌भुतकथेत काहीही घडू शकते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जेथे काहीही घडू शकते, तेथे कशाचीच धास्ती वाटत नाही. नायक दरीत कोसळत असताना तो ऐन वेळी उडू शकेल की नाही, हे ठाऊक नसेल, तर प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. तो केवळ दिग्दर्शक काय करतो, ते पाहत बसतो. म्हणून जादूच्या गोष्टीला दोन आधार लागतात. पहिला नियमाचा, म्हणजे ही जादू कशी चालते आणि कुठे थांबते याचा. दुसरा किमतीचा, म्हणजे ती वापरणाऱ्याला काय गमवावे लागते याचा.

'जॉन वू-छी'त हे दोन्ही आधार होते. चित्रपटाच्या मुळाशी असलेली घटना एका वाक्यात सांगता येते. पिशाच्चांना तीन हजार दिवस बंदिवासात ठेवायचे होते. तिघा सिद्धांची मोजणी चुकली आणि दार एक दिवस आधी उघडले गेले. सरकारी कचेरीत शोभेल अशी ही चूक. ती ऐकताच प्रेक्षक हसतो आणि नियमही त्याच्या लक्षात राहतो. खुद्द वू-छीची जादू ताईतासारख्या मंतरलेल्या कागदांवर अवलंबून आहे. कागद हातचा गेला, की त्याचा दिमाखही गेला. साधनेत केलेला आळस त्याला असा पदोपदी नडतो. या सोप्या मर्यादेमुळे हाणामारीच्या प्रसंगांत प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो.

'एलियनॉइड'मध्ये नियम नाहीत असे नाही. उलट ते फार आहेत. परग्रहवासीयांचे वेगळे, यंत्रमानवाचे वेगळे, कालप्रवासाचे वेगळे आणि मांत्रिकांचे वेगळे. इतके नियम लक्षात ठेवताना माणसांकडे पाहायला सवड उरत नाही. आणि कोणती गोष्ट कोणाला किती महागात पडणार, हे कळेपर्यंत पहिला भाग संपलेला असतो.

नाथसिद्धांची परंपरा

कोरियातला 'दोसा' मराठी वाचकाला परका वाटू नये. रानावनात राहणारा, साधनेतून सिद्धी मिळवलेला, राजसत्तेची पत्रास न बाळगणारा आणि शिष्याची परीक्षा पाहणारा योगी आपल्याकडे नाथपंथाच्या रूपाने घरोघरी पोहोचलेला आहे. मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ च्या सुमारास रचलेल्या 'नवनाथ भक्तिसार' या चाळीस अध्यायांच्या ग्रंथाची पारायणे आजही होतात. अस्त्रे, मंत्र, भस्म, रूपांतरे यांची त्यात रेलचेल आहे. तरीही तो ग्रंथ दोनशे वर्षे टिकला, यामागे त्यातील श्रद्धेइतकाच कथनाचाही वाटा आहे.

मच्छिंद्रनाथांनी पुत्रप्राप्तीसाठी दिलेले भस्म एक स्त्री अविश्वासाने उकिरड्यावर टाकते. ते भस्म फुकट जात नाही. पण बारा वर्षे त्या मुलाला उकिरड्यात राहावे लागते आणि तोच पुढे गोरक्षनाथ होतो. सिद्धी आहे, पण शंकेची किंमत बारा वर्षे. याहून बोलकी कथा सोन्याच्या विटेची. स्त्रीराज्यात गुंतून पडलेल्या मच्छिंद्रनाथांना शिष्य गोरक्ष परत आणतो. परतीच्या वाटेवर रानातून जाताना, पाताळापर्यंत पोहोच असलेला हा महायोगी चोरांना भिऊ लागतो. कारण त्यांच्या झोळीत सोन्याची वीट असते. गोरक्ष ती गुपचूप फेकून देतो आणि गुरूंना वाईट वाटल्यावर मंत्राने अवघा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. डोंगर सोन्याचा होणे, हा या कथेतला चमत्कार खरा. परंतु ती लक्षात राहते, ती झोळी घट्ट धरून चालणाऱ्या गुरूमुळे.

याच कथासूत्रावर प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये कोल्हापुरात 'मायामच्छिंद्र' हा बोलपट मराठी आणि हिंदीत काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. मच्छिंद्रनाथाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, राणीच्या भूमिकेत दुर्गा खोटे आणि गोरक्षनाथ झाले होते मास्टर विनायक. कोरियात 'दोसा' पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात मांत्रिकपट तयार झाला होता. त्यातील चमत्कृतींची त्या काळी वाहवा झाली. मात्र कथेचा कणा होता तो भोगात रमलेला गुरू आणि त्याच्यावरची निष्ठा ढळू न देणारा शिष्य यांच्यातील पेच.

जादूगार फाळके आणि 'संत तुकाराम'

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्याआधी हौशी जादूगार होते. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. कॅमेरा थांबवून वस्तू अदृश्य करणे, एका फिल्मवर दोनदा चित्रण करणे या युक्त्या त्यांच्या हाती आल्या, तेव्हा हनुमानाचे उड्डाण आणि लंकेचा दाह दाखवणारा 'लंकादहन' (१९१७) प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) त्यांनी आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला कृष्ण केले. चित्रपटाच्या सुरुवातीलाच या मुलीच्या चेहऱ्यावरचे नानाविध भाव दाखवले आहेत. म्हणजे कालियाच्या डोहात उडी घेणाऱ्या बाळकृष्णाशी प्रेक्षकाची आधीच ओळख झालेली असते. मग पुढची युक्ती ओळखू आली, तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पुढे बोलपट आला आणि काळ बदलला. फाळके यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला, तेव्हा पडदा बोलू लागला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. त्यानंतर कोल्हापूर सिनेटोनने त्यांना 'गंगावतरण' या बोलपटासाठी पाचारण केले. सुमारे अडीच लाख रुपये खर्चून तयार झालेला हा चित्रपट ऑगस्ट १९३७ मध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये झळकला. त्या काळाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती आणि स्वर्गातून गंगा उतरण्याचा प्रसंग हा तर चमत्कृतीचा कळस. परंतु त्यातून फाळके यांना नव्याने उभे राहता आले नाही. 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. १९४४ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

नेमक्या याच सुमारास, डिसेंबर १९३६ मध्ये, प्रभातचा 'संत तुकाराम' प्रदर्शित झाला होता. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटातही चमत्कार आहेत. इंद्रायणीत बुडवलेली गाथा कोरडी परत मिळते, अखेरीस तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान येते. तरीही हा चित्रपट मुंबईत पन्नासहून अधिक आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. त्याच्या यशाचे रहस्य विष्णुपंत पागनीस यांच्या प्रसन्न तुकोबांइतकेच गौरी यांनी साकारलेल्या जिजाईत आहे. घरात पीठ नाही, पोर आजारी आहे आणि नवरा भजनात दंग, हे पाहून ती थेट देवाशी भांडायला निघते. चमत्काराला विरोध करणारे माणूस चित्रपटातच बसलेले असल्यामुळे प्रेक्षकाला आपली शंका घेऊन बाहेर पडावे लागत नाही. विमान आले, तेव्हा डोळ्यांत पाणी येते, ते जिजाई मागे राहते म्हणून. चमत्काराची किंमत ती मोजते.

आपल्याकडचे यशापयश

हिंदीत 'एलियनॉइड'शी सर्वांत जवळचे नाते सांगणारा चित्रपट म्हणजे गोल्डी बहल यांचा 'द्रोणा'. २ ऑक्टोबर २००८ रोजी आलेल्या या चित्रपटात अभिषेक बच्चन अमृताच्या रक्षणाची कुलपरंपरा लाभलेला नायक होता, तर के. के. मेनन जादूगार खलनायक. संगणकीय दृश्यांवर मेहनत घेतली होती, परदेशातील आणि राजस्थानातील चित्रीकरण होते, प्रियांका चोप्राची तलवारबाजी होती. पण नायकाला शक्ती मिळते ती केवळ जन्माने. ती मिळवण्यासाठी त्याने काय सोडले आणि वापरताना काय गमावले, हे प्रेक्षकाच्या मनाला भिडेल असे कुठेच आले नाही. चित्रपट सपशेल आपटला.

याउलट १९९३ चा 'झपाटलेला' आठवावा. महेश कोठारे यांच्या या मराठी चित्रपटात परग्रह नाही, राजवाडा नाही. आहे तो एक बाहुला. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या कलेतून साकारलेला तात्या विंचू आज तीस वर्षांनंतरही मराठी मुलांना ठाऊक आहे. त्यातील मंत्राचा नियम शाळकरी पोरही सांगेल. मरता मरता मांत्रिकाकडून शिकलेल्या मंत्राच्या बळावर गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. त्याला पुन्हा माणूस व्हायचे, तर आपले गुपित ज्याला सर्वांत आधी सांगितले, त्याच्याच देहात शिरावे लागणार. ते गुपित कळलेले असते भोळ्या लक्ष्याला. ही कल्पना हॉलिवूडमधून आली, हे खरे. परंतु नियम एका दमात सांगून झाल्यावर पुढचे दोन तास लक्ष्याच्या जिवाची काळजी करण्यापलीकडे प्रेक्षकाला काम उरत नाही. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' त्रिमितीत आला. तंत्र कितीतरी पुढे गेले होते, तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो पहिलाच तात्या विंचू.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हे आणखी अलीकडचे उदाहरण. हिंदी असला, तरी कोकणातले गाव, वाडे, पाऊस आणि नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा यांमुळे त्याची नाळ मराठीशी जोडलेली. त्यातील हस्तर या शापित देवाच्या कमरेला सोन्याच्या मोहरा आहेत आणि त्याला भूक आहे पिठाची. पिठाची बाहुली टाकायची, तो खाण्यात गुंतला की मोहरा लांबवायच्या आणि त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. स्पर्श झाला, तर मरणही येत नाही. नियम असा तीन वाक्यांचा. किंमत मात्र पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते, कारण बाप आपला हावरेपणाच मुलाला वारशाने देतो. पहिल्या प्रदर्शनात या चित्रपटाला मर्यादित यश मिळाले. पण सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या वेळच्या दुपटीहून अधिक कमाई केली.

खर्च वाढला की काय होते?

एवढे सारे ठाऊक असूनही अनुभवी दिग्दर्शक या खड्ड्यात का पडतात, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पैशाच्या गणितात सापडते. अद्‌भुताला खर्च लागतो. खर्च वाढला, की तो वसूल करण्यासाठी सर्व थरांतला प्रेक्षक हवा असतो. मग मुलांसाठी यंत्रमानव, तरुणांसाठी मारामारी, थोरांसाठी इतिहास, कुटुंबासाठी विनोद अशी भर पडत जाते. एकाच भागात हे मावत नाही, म्हणून दुसरा भाग येतो आणि पहिल्या भागाला शेवटच उरत नाही. प्रत्येकासाठी काही ना काही ठेवण्याच्या प्रयत्नात कोणालाच पुरेसे मिळत नाही.

दुसरी अडचण तंत्राची. पूर्वी एक चमत्कार पडद्यावर आणायला आठवडे लागत. त्यामुळे कोणता चमत्कार ठेवायचा आणि कोणता गाळायचा, याची निवड करावीच लागे. संगणकाने ही सक्ती बरीच सैल केली. तासाभरात पन्नास चमत्कार पाहिल्यानंतर एक्कावन्नाव्याला मान वर करून पाहण्याची इच्छा उरत नाही. फाळक्यांच्या काळात नुसते उड्डाण पाहूनच लोक थक्क होत. आजच्या प्रेक्षकाने सारे काही पाहिलेले आहे. त्याला थक्क करण्याची जबाबदारी आता तंत्रावर टाकून भागणार नाही.

कर्जतकरांचा यात काय संबंध?

ही चर्चा केवळ समीक्षकांपुरती नाही. मोठ्या सेटवर सुतार, रंगारी, साच्यातून नक्षी काढणारे कारागीर, शिंपी, विजेची कामे करणारे, टेम्पोचालक आणि जेवण पुरवणारे अशा कितीतरी हातांना काम मिळते. ऐतिहासिक आणि अद्‌भुत चित्रपट हे या कामाचे मोठे स्रोत. असा एखादा चित्रपट कोसळला, की पुढच्या दोन-तीन निर्मात्यांचे हात आखडतात आणि त्याचा फटका शेवटी या रोजंदारीच्या माणसांना बसतो.

एन. डी. स्टुडिओच्या वाट्याला आलेले चढउतार कर्जत-खालापूर परिसराने जवळून पाहिले आहेत. कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या देसाई यांनी येथे किल्ले आणि महाल उभारले. मे २०२१ मध्ये लागलेल्या आगीत 'जोधा अकबर'च्या सेटची हानी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये देसाई यांचे निधन झाले, तेव्हा स्टुडिओवर सुमारे अडीचशे कोटी रुपयांच्या कर्जाचा बोजा होता आणि दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झालेली होती. भव्य स्वप्ने उभी करणारी यंत्रणा किती नाजूक पायावर उभी असते, हे त्यातून दिसले.

मराठी चित्रपटाकडे कोरियाइतका पैसा नाही, ही तक्रार नेहमीची. जादूपटाच्या बाबतीत मात्र ही उणीव अगदीच मारक ठरत नाही. जादूचा नियम ठरवायला आणि तिची किंमत कोण मोजणार हे लिहायला कागदाखेरीज काही लागत नाही, आणि लेखकाला त्यासाठी पुरेसा वेळ दिला, तरी तो वेळ सेटच्या एका दिवसाच्या भाड्याहून स्वस्त पडतो. निर्मात्याने कथा ऐकताना दोन प्रश्न विचारायला हवेत. ही जादू कुठे चालत नाही? आणि ती चालली, तर रडणार कोण? दोन्हींची उत्तरे चार वाक्यांत मिळाली, तर खुशाल किल्ला उभारायला घ्यावा. ती मिळाली नाहीत, तर सुतारांना बोलावण्याआधी पुन्हा लेखकाला बोलावलेले बरे.